न झालेल्या अभिषेकाचं पत्र

माझ्या सासऱ्यांना गाभाऱ्यात मोठ्याने बोललेलं खपायचं नाही. त्यांना मी मामा म्हणते. वारंगा फाट्यापासून थोडं आत आमचं गाव, आणि गावच्या महादेवाची पूजा मामांच्या घराकडे. देवळाला मोठं नाव नाही, यात्रेला फार गर्दी नाही. पण आसपासच्या गावांतल्या लोकांनी वर्षातला एकेक दिवस धरून ठेवलेला आहे. कुणाचं लेकरू आजारातून उठलं तो दिवस, कुणाच्या घरी बऱ्याच वर्षांनी पाळणा हलला तो दिवस. त्या तिथीला पहाटे मामांनी त्या माणसाचं नाव घेऊन अभिषेक करायचा, अशी रीत. नाव ते ओठांतल्या ओठांत घ्यायचे. लग्न होऊन आले तेव्हा मी आगाऊपणे विचारलं होतं, की बाहेर उभ्या माणसाला आपलं नाव ऐकू कसं यायचं?

"बाहेरच्याला काहून ऐकू यावं?" मामा म्हणाले. "ज्याला जायचं त्याला जातं."

अभिषेक झाला की मामा ओसरीवर बसून त्या माणसाला पत्र लिहायचे. दोन-तीन ओळींचं पत्र आणि पुडीत बांधलेला अंगारा. पोटापाण्यासाठी माणसं पुण्याला गेली, सुरतेला गेली, कुणी तर समुद्रापार गेली. पण त्यांचा दिवस इथेच राहिला आणि तो पाळल्याची खूण म्हणून हे पत्र त्यांना पोचायचं. घरी सोयर असलं, सुतक असलं, तर तेही मामा लिहायचे. सोयर म्हणजे घरात मूल जन्मल्यावरचे दहा दिवस. त्या दिवसांत भावकीतल्या कुणीही गाभाऱ्यात पाऊल टाकायचं नाही. नित्यपूजा चालू राहावी म्हणून मामांचे मेव्हणे पुसेगावहून येतात. ते देवाला पाणी घालतात, बेल वाहतात, घंटा वाजवतात. पण लोकांची नावं घेत नाहीत. ज्याने शब्द दिला त्यानेच नाव घ्यायचं, हा आमच्या घरचा नेम. मग सोयर फिटलं की राहिलेले अभिषेक मामा एकेक करून उरकायचे आणि पत्रात स्वच्छ लिहायचे, की घरी सोयर असल्याने तुमचा अभिषेक अमुक सोमवारी केला.

हे सगळं मला माहीत होतं. नव्याने आलेली सून नव्हते मी. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घेऊ नये.

मामांच्या बोटांचे सांधे सुजायला लागले तिथून गोष्ट सुरू झाली. पेन धरलं की अंगठा वळेना. पत्रं मागे पडू लागली. मी कळमनुरीच्या एका कॉलेजात ऑफिसात कारकून आहे, दिवसभर कॉम्प्युटरवरच बसते. मी म्हटलं, मामा, तुम्ही काळजी सोडा, हे काम माझ्याकडे द्या. अंगारा पोस्टाने जाऊ दे, पण पत्र मी ईमेलने पाठवते. फोनवरच्या ग्रुपचा उपाय आधी करून बघितला होता. एकाच नंबरावरून इतक्या लोकांना एकच मजकूर जातोय म्हटल्यावर नंबरच बंद पडला. आणि मामांनाही ते रुचलं नव्हतं. लोकांच्या फोनवर सकाळी फुलांची चित्रं आणि सुविचार येतात, त्या ढिगाऱ्यात आपला देव कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मी माझ्या साध्या खात्यावरून ईमेल धाडायला लागले. मजकूर तोच, नाव तेवढं बदलायचं. थोडे दिवस बरं चाललं, मग फोन यायला लागले. "महाराज, यंदा आमचं राहिलं का?" सुरतेहून एका म्हाताऱ्या शेठजींचा फोन आला, ते तर रडवेले झाले होते. अभिषेक झाला होता, पत्रही गेलं होतं. पण ते लॉटरीच्या आणि कर्जाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्याच्या खान्यात जाऊन पडलं होतं. मामा फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होते, "झाला हो, बराबर झाला, मी सोता केला." फोन ठेवल्यावर ते म्हणाले, "आजपोत कोणाला पटवून सांगायची पाळी आली न्हवती." बोलले साधंच, पण मला ते लागलं. आपल्या अर्धवट शहाणपणामुळे या माणसाच्या शब्दावर शंका आली, हे मनात राहिलं.

मग मी चंग बांधला. अशा कामासाठी वेगळ्या कंपन्या असतात, हे मला ऑफिसात ऐकून माहीत होतं. आपली पत्रं त्यांच्याकडे एकगठ्ठा द्यायची आणि त्यांनी ती आपल्या वाटेने घरोघर पोचवायची. ज्यांच्याकडून पत्र आलंय म्हटल्यावर समोरचं दार उघडतं, अशी त्यांची पत असते. मी बऱ्याच कंपन्या धुंडाळल्या. कापड घ्यायला गेलेल्या बाईसारखी मी प्रत्येक ठाण उलगडून बघत होते. एक परदेशातली होती, स्वस्त होती, पण काही विचारलं तर माणूस बोलायचाच नाही, तेच तेच ठोकळेवजा उत्तर यायचं. ती सोडली. राहिल्या दोन.

दोघींनीही आधी आमची उलटतपासणी घेतली. तुम्ही म्हणजे तुम्हीच कशावरून? त्यासाठी देवळाच्या नावाची वेबवरची पाटी, म्हणजे डोमेन, विकत घ्यावी लागली आणि त्या पाटीवर खुणेचे लांबलचक आकडे चढवावे लागले. मग विचारलं, ज्यांना पत्रं पाठवणार ते लोक पत्र घ्यायला राजी आहेत का? मी हे मामांना वाचून दाखवलं.

"राजी?" मामा म्हणाले. "त्यायचे आजे राजी होते. आता यायला पुन्हा काय विचारावं?"

पण पत्राच्या तळाशी 'यापुढे पत्र नको असल्यास इथे दाबा' अशी ओळ घालावीच लागते म्हटल्यावर मला वाटलं, आता मामा उखडतील. ते म्हणाले, "राहू दे. ज्याला नको त्याला जबरदस्ती न्हाई." एका माणसानेही अजून ते दाबलेलं नाही.

त्या दोघींपैकी पहिल्या कंपनीत फोनवर एक मुलगी बोलायची. हिंदीत बोलायची, सावकाश, माझं मोडकंतोडकं हिंदी समजून घेऊन. काम काय आहे ते मी तिला सांगितलं. अभिषेक म्हणजे काय हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, "मॅडम, पूजा का काम है तो ऐसा कीजिए, हर मेल रुका रहेगा. आप रोज हाँ करेंगी, तभी जाएगा." मला ते गैरसोयीचं वाटलं. सकाळी डबे, मोठ्या लेकीची शाळा, माझी कॉलेजची गाडी. त्यात रोज हे हो म्हणण्याचं काम कुणी करायचं? दुसरी कंपनी म्हणत होती, की वर्षाच्या सुरुवातीला एकदाच नावं आणि तारखा भरून द्या आणि विसरून जा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी पत्र आपोआप जाईल. मला त्या 'विसरून जा'ची भुरळ पडली.

पंचांग घेऊन मी आणि मामा बसलो. ते तिथी सांगायचे, मी तारीख भरायची. कोणती तिथी सूर्योदयाला धरायची, कोणती आदल्या दिवशीची, हे त्यांच्या तोंडावर होतं. माणसांच्या आठवणीही निघत होत्या. याचा बाप असा होता, हिने पहिल्या वर्षी देवाला घोंगडी आणली होती. काम संपल्यावर मी त्यांना समजावलं, की आता रोज सकाळी पूजा आटोपायच्या सुमाराला त्या त्या माणसाला पत्र जाईल. मजकूरही वाचून दाखवला. 'आज पहाटे आपल्या नावाने महादेवाला अभिषेक केला. अंगारा टपालाने पाठवत आहे.' खाली मामांचं नाव.

मामा म्हणाले, "पूजा झाली हे त्याला कसं कळून राहिलं?"

"कळायची गरजच काय?" मी म्हटलं. "तुम्ही कधी चुकलात का मामा? इतक्या वर्षांत एक दिवस तरी?"

पंचांग मिटून त्यांनी कोनाड्यात ठेवलं. मी ती संमती समजले. खरं म्हणजे मी त्यांचं तोंड बंद केलं होतं, आणि तेही स्तुती करून.

पुढचे महिने माझे फार तोऱ्यात गेले. पत्र गेलं की कंपनीच्या पानावर त्या नावापुढे हिरवी खूण यायची, 'पोचले'. एकही पत्र कचऱ्यात जाईना. लोकांची उत्तरं यायला लागली. मुलाची परीक्षा आहे, सासू दवाखान्यात आहे, पत्र वाचून धीर आला, असं लोक लिहायचे. संध्याकाळी चहाच्या वेळी मी ती उत्तरं मामांना वाचून दाखवायची. ते मान खाली घालून ऐकायचे आणि नवऱ्याला म्हणायचे, "सूनबाईनं चांगलं केलं." मला ते ऐकायला आवडायचं. उत्तर आलं नसेल त्या दिवशी मी जुनीच उत्तरं काढून वाचलेली आहेत.

अशात मला दुसऱ्यांदा दिवस गेले. सोयराच्या दिवसांत पत्रं थांबवायची, हे माझ्या डोक्यात होतं. बाळंतपणाच्या रजेवर गेले की पहिलं काम ते करायचं, असं ठरवलेलं. पण लेकरू आधीच आलं. ऑफिसातच पोटात कळा सुरू झाल्या, तशीच हिंगोलीला नेली, आणि ऑपरेशन करून मुलगी झाली. मुलगी नाजूक होती, पण धडधाकट होती. मी शुद्धीवर आले, तिला बघितलं, आणि बाकीचं जग पुसून गेलं.

एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. बाळंतीण बाई, जिवावरचं दुखणं, नाही राहिलं लक्षात. पण तसं नव्हतं. दवाखान्यात फोन माझ्या उशालाच होता. मूल झोपलं की मी फोन बघायची, आणि एकदा तर कंपनीचं ते पानही उघडून बघितलं. हिरव्या खुणा ओळीने लागल्या होत्या. पोचले, पोचले, पोचले. मला बरं वाटलं. मी नाही तरी काम चाललंय, असं मनाशी म्हटलं आणि फोन बाजूला ठेवला. मामा गाभाऱ्याबाहेर बसून आहेत, आत पुसेगावचे पाव्हणे आहेत आणि कुणाचंही नाव घेतलं जात नाहीये. मग ही पत्रं कशाची पोचतायत, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. त्या हिरव्या खुणांचा मला आनंद झाला, हे मला आजही विसरता येत नाही.

घरी आल्यावर मला मागच्या खोलीत ठेवलं होतं. ओसरी आणि ती खोली यांच्यामध्ये एक भिंत आणि दाराला पडदा, एवढंच. सोयर अजून फिटलं नव्हतं. त्या सकाळी मामा ओसरीवर बसले होते. कुणी बाई आल्याचं मला बांगड्यांवरून आणि पिशवी खाली ठेवल्याच्या आवाजावरून कळलं.

"महाराज, तुमी घरी?" ती म्हणाली. "मंग आत कोण होतं?"

आवाज मी ओळखला नाही, पण पुढच्या बोलण्यावरून कळलं. साखरा गावच्या मेंढरं राखणाऱ्या घरातली ती मावशी. पहिल्या वर्षी देवाला घोंगडी आणलेली. तिच्या लेकाच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, तो वाचला, तेव्हापासून तिचा दिवस धरलेला. आता ती पुण्याला लेकाकडेच राहते. लेक कंपनीत आहे, नातवाने तिच्या फोनवर ईमेल सुरू करून दिलेला. दरवर्षी पत्र जायचं. या वर्षी लेकाला पुन्हा धाप लागायला लागली म्हणून ती स्वतः आली होती. रात्रभर गाडीत बसून, फाट्यावर उतरून, थेट देवळात.

"आमच्या घरी सोयर हाय माय," मामा म्हणाले. "नात झाली. पुसेगावचे पाव्हणे पूजा करून राहिले."

"मंग माझ्या लेकाचं नाव?"

"ते मी घेतो. सोयर फिटलं की सोमवारी घेतो. चुकणार न्हाई."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला.

"पन हे म्हणतंय झालं," ती म्हणाली. "मी खांबापाशी बसले होते. पाव्हण्यानं घंटा वाजवली, दार वढलं, गेले. तवा हे वाजलं. चष्मा लावून वाचलं. मंग अजून एकडाव वाचलं. मला वाटलं, माझाच डोळा लागला असंल. लेकाचं नाव घेतलं आन् म्या बसल्या जागी झोपून राहिले."

ती देवळात बसली होती. तिच्या डोळ्यांदेखत काहीच झालं नव्हतं, आणि माझं पत्र तिला तिथे बसल्या जागी सांगत होतं की झालं. आणि त्या बाईने आधी स्वतःवर शंका घेतली, पत्रावर नाही.

"तुमचा डोळा न्हाई लागला," मामा म्हणाले. "अभिषेक न्हाई झाला."

"मंग हे कोणी लिवलं? खाली नाव तुमचं हाय."

मी पडद्याकडे बघत होते. आता मामा म्हणतील, सूनबाई बघते ते, मशीन आहे, आपोआप जातं. म्हणायला हवं होतं. ते खरंही होतं.

"माझं नाव हाय म्हंजे मीच लिवलं," मामा म्हणाले.

तेव्हा मी उठायला हवं होतं. टाके ओढत होते, पण उठता येत नव्हतं असं नाही. त्याच सकाळी मी भिंतीला धरून न्हाणीपर्यंत गेले होते. पडदा बाजूला करून दोन शब्द बोलायला काय लागत होतं? मी पडून राहिले.

"महाराज," मावशी म्हणाली, आणि आवाज अगदी खाली गेला. "मागल्या साली आलं होतं, ते?"

"ते खरं होतं माय."

"आन् त्याच्या मागलं?"

"तेबी खरं होतं."

"बरं," ती म्हणाली.

तो 'बरं' मी अजून विसरले नाही. त्यात राग नव्हता. रागावली असती तर मामांनी पाय धरले असते आणि प्रश्न मिटला असता. पण आता विचारायचं काय आणि ऐकायचं काय, असं तिला झालं होतं. मामांच्या आयुष्यात एकच गोष्ट सांगण्यासारखी होती, की त्यांनी न घेतलेलं नाव घेतलं म्हणून कधी सांगितलं नाही. ती मी एका सकाळी मोडून टाकली होती, आणि मागच्या सगळ्या वर्षांनाही शंका चिकटवली होती.

तेवढ्यात लेकरू रडलं. मावशी म्हणाली, "नात बघू का?" मामा म्हणाले, बघा. पडदा सरकल्याचा आवाज झाला आणि मी डोळे मिटून घेतले.

मी झोपेचं सोंग घेतलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणणं खोटं होईल. सुचलं ते हेच सुचलं. ती खाटेजवळ आली. तिच्या लुगड्याला गाडीच्या प्रवासाचा वास येत होता. तिने लेकराला थोपटलं, ते गप्प झालं. "गोड हाय," ती हळूच म्हणाली. मग माझ्या अंगावरची चादर सरकली होती ती तिने नीट केली. "थकून गेली बिचारी," असं म्हणून ती बाहेर गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते तिला दिसू नये म्हणून मी कूस बदलली.

ती गेल्यावर मामा पडद्यापाशी आले. आत आले नाहीत.

"अजून कोणाकोणाला गेलं?" त्यांनी विचारलं.

"लेकरू झाल्यापासून रोज जातंय, मामा."

"बंद होतं का ते?"

"होतं."

मी फोन घेतला आणि बंद केलं. बंद करायला एक क्षण लागला. मी रडत रडत काहीतरी बोलायला लागले, तर ते म्हणाले, "बाळंतिणीनं रडू न्हाई. दूध आटतं." आणि निघून गेले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर फार बरं झालं असतं.

दुपारी नवऱ्याने आणि मी मिळून माफीचा मजकूर तयार केला. 'तांत्रिक अडचणीमुळे आपणास चुकून पत्र गेले.' सगळ्यांना एकदमच पाठवून टाकावं असा बेत. नवऱ्याने तो मामांना वाचून दाखवला.

"तांत्रिक म्हंजे काय?" मामांचा आवाज मला आतून ऐकू आला.

"म्हणजे मशीनची चूक."

"मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला काय पडलं? अन् त्याच वाटेनं पुन्हा पत्र धाडलं तर ते तरी खरं काहून मानतील? सूनबाईला म्हणाव, फोन लावून दे."

म्हणून मग फोन लावावे लागले. मी आतून नंबर काढून द्यायचे, नवरा लावायचा आणि मामा बोलायचे. प्रत्येकाला तेच वाक्य. "तुमचा अभिषेक झाला न्हाई. पत्र खोटं होतं. सोमवारी करतो." चूक, गैरसमज, गडबड, असे किती शब्द होते, पण ते खोटं हाच शब्द वापरत राहिले. बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. देवाला सगळं कळतं महाराज, मनात भाव असला म्हणजे झालं, नात झाली त्याबद्दल अभिनंदन. एक जण म्हणाला, आम्हाला तर त्या दिवशी खरंच बरं वाटलं होतं. मामा फोन नवऱ्याच्या हातात देऊन उठले आणि तांब्याभर पाणी प्यायले. मग पुढचा नंबर मागितला.

सोमवारी काय झालं ते मला नवऱ्याने सांगितलं, कारण सव्वा महिना मला देवळात जाता येत नव्हतं. मावशी पुण्याला गेलीच नव्हती. साखऱ्याला भावाकडे राहून पुन्हा आली होती. आमच्या देवळात बायामाणसं खांबापाशी बसतात, मामा आत असतात, दार लोटलेलं असतं. कुणी डोकावून बघत नाही. त्या दिवशी मावशी खांबापाशी बसली नाही. ती उंबऱ्याला जाऊन उभी राहिली, चौकटीला एक हात लावून, मान पुढे काढून. तिला आपल्या कानांनी ऐकायचं होतं. नवरा म्हणाला, बाबांनी एकदा मागे वळून बघितलं, ती तिथे का उभी आहे ते त्यांना कळलं, आणि मग त्यांनी तिच्या लेकाचं नाव घेतलं ते इतक्या मोठ्याने, की आम्ही सगळे दचकलो. मावशीने तिथूनच हात जोडले. जाताना तिने आमच्या मुलीसाठी नवी छोटी घोंगडी ठेवली. भावाकडच्या मेंढरांच्या लोकरीची होती. ती घोंगडी मी अजून वापरलेली नाही. हात लावला की शरमेने चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं होतं.

मी ती कंपनी बदलली. पहिल्या कंपनीच्या मुलीला फोन केला. तिने ओळखलं. "आप वही पूजा वाली मॅडम हैं ना?" मी हो म्हटलं, आणि आधी का घेतलं नाही हे तिने विचारलं नाही म्हणून तिचे मनातल्या मनात आभार मानले. आता प्रत्येक पत्र थांबून राहतं. कुणीतरी हो म्हटल्याशिवाय हलत नाही. मामांनी हो म्हणायचं काम माझ्याकडेच ठेवलं. मला वाटलं होतं काढून घेतील. नवऱ्याकडे द्या, असं मी म्हणूनही बघितलं. "तूच कर," ते म्हणाले, बस.

सव्वा महिन्याने मी लेकराला घेऊन पहिल्यांदा देवळात गेले. पहाट सरून उजाडलं होतं. सभामंडपात कुणीच नव्हतं, एक कुत्रं तेवढं पायरीवर पडलेलं. गाभाऱ्याचं दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. मामा नाव घेत होते. ओठांतल्या ओठांत नाही. त्या उतारवयातल्या बसक्या घशाला पेलवेल त्यापेक्षा मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून, आधी माणसाचं नाव, मग त्याच्या बापाचं, मग गावाचं. शेवटी आवाज चिरला, तर थांबून, खाकरून, त्यांनी ते नाव पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मंडपात ऐकायला कुणी नव्हतं. माझ्या कडेवरचं लेकरू तेवढं दचकून मला बिलगलं.

दार उघडून मामा बाहेर आले. ओले हात उपरण्याला पुसत त्यांनी मला बघितलं, नातीच्या कपाळाला अंगारा लावला. मग मी ज्या खांबापाशी उभी होते त्या खांबाकडे आणि तिथून गाभाऱ्याकडे, असं अंतर नजरेने मोजलं.

"इथवर ऐकू आलं ना?" त्यांनी विचारलं.

"आलं, मामा."

"बराबर?"

"बराबर आलं."

"मंग धाड," ते म्हणाले.

मी फोन काढला. त्यांच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मान खाली घालूनच मी हो म्हटलं.